ताइजीछुआन

चीनमधील एक पारंपरिक युद्धकला. ‘ताइजी’ म्हणजे यिन आणि यांग ही परस्परपूरक तत्त्वे पोटात घेणारे आदितत्त्व. ‘छुआन’ म्हणजे मूठ, आणि त्यावरून मुष्टियुद्ध. आपल्याकडे रुळलेले ‘ताई ची’ हे नाव अर्धेच आहे. शिवाय त्यातल्या ‘ची’ची प्राणशक्तीवाचक ‘ची’शी नेहमी गल्लत होते. चिनी भाषेत हे दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांची लेखनचिन्हेही निराळी आहेत.

दंतकथेनुसार या कलेचा जनक वुदांग पर्वतावरचा ताओपंथी साधू जांग सानफंग. पुरावा मात्र हनान प्रांतातील छनजियागोउ या खेड्याकडे जातो. तेथील छन वांगथिंग याने सतराव्या शतकात, मिंग राजवट लयाला गेली त्या सुमारास, कुळातील युद्धविद्येला आकार दिला असे मानतात. मिंग सेनापती छी जिग्वांग याच्या युद्धग्रंथात ३२ पवित्रे दिलेले आहेत. त्यांपैकी बरेचसे छन घराण्यात आढळतात. विद्या दोन शतके गावातच राहिली. यांग लूछान (१७९९–१८७२) हा बाहेरचा माणूस ती छन छांगशिंग याच्याकडे शिकला आणि त्याने ती बीजिंगला नेली. तो चोरून पाहून शिकला ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण ती कादंबरीतच शोभते. पुढे यांग, वू, सुन अशी घराणी झाली. लूछानचा नातू यांग छंगफू (१८८३–१९३६) याने उड्या आणि झटके काढून टाकले व सगळी चाल एकसारखी संथ केली. आज जगभर दिसते ते बहुतांशी हेच रूप. छन घराण्यात मात्र संथ हालचालीतून एकदम झटका फुटतो, पाय आपटले जातात आणि ‘तोफमुष्टी’ हा दुसरा संच तर वेगातच करतात.

संथपणा हे साधन आहे, साध्य नव्हे. वेगात लपणारी चूक सावकाश हालचालीत उघडी पडते : खांदा वर उचलला जातो, गुडघा पंजाच्या दिशेबाहेर वळतो, भार दोन्ही पायांवर सारखा वाटला जातो. हा शेवटचा दोष फार मोठा मानतात, कारण दोन्ही पायांवर जखडलेल्या माणसाला चटकन वळता येत नाही. एक पाय ‘भरलेला’ आणि दुसरा ‘रिकामा’ हवा. यिन-यांगचा अर्थ येथे असा थेट पायाशी येतो. दुसरे सूत्र ‘सोंग’, म्हणजे सैल होणे. पण ही सैलाई गळाठलेली नव्हे. सांधे मोकळे आणि कणा ताठ ठेवायचा असतो. जोर तळपायातून उठतो, कमर त्याला दिशा देते आणि तो हातातून बाहेर पडतो. छन घराणे या पिळदार गतीला रेशीम उलगडण्याची उपमा देते. कोशातून धागा ओढताना हिसका बसला तर तो तुटतो, ओढ थांबली तर गुंततो.

सराव दोन अंगांनी चालतो. एकट्याने करायच्या संचात ‘पांढरा क्रौंच पंख पसरतो’, ‘रानघोड्याची आयाळ विलगणे’ अशा नावांचे पवित्रे सलग गुंफलेले असतात. चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये यांग घराण्याच्या संचातून २४ पवित्र्यांचा सोपा संच बांधला. तो पाच-सहा मिनिटांत होतो. बागांमधून ही कला पसरली ती त्याच्यामुळे, आणि ती म्हाताऱ्यांचा व्यायाम आहे हा समज पसरला तोही बराचसा त्याच्यामुळेच. युनेस्कोने २०२० मध्ये ताइजीछुआनचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

दुसरे अंग ‘थुइशोउ’, म्हणजे जोडीने हात ढकलण्याचा सराव. दोघे मनगटाला मनगट लावून उभे राहतात आणि स्पर्श न तोडता एकमेकांचा तोल शोधतात. रेटा आला की त्याला रेट्याने उत्तर द्यायचे नाही. त्याच्याबरोबर मागे जात कमरेने तो बाजूला वळवायचा आणि समोरचा पुढे झुकला की त्याच क्षणी ढकलायचे. संच वर्षानुवर्षे सुबक करणारा माणूसही येथे पहिल्या दिवशी ओंडक्यासारखा ताठरतो, कारण हवा कधी उलट ढकलत नाही.