जावाचा काळा ओघळ

मागच्या महिन्यात पुतण्याने दादाची १९७० सालची जावा पडवीतून बाहेर काढली. कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलला, आणि काय सांगू, गाडी चालू झाली! पण सायलेन्सरची नळी सिलिंडरला जिथे जोडतात तिथून फटफट आवाज आणि काळे ऑईल. त्याने फोटो पाठवला. "काका, हा लीक कसा काढायचा?"

मंडळी, हा ओघळ आमच्या घरात जुना आहे.

जावा मूळची प्राग शहरातली. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली जर्मन वान्डरर कंपनीच्या मोटारसायकलचा आराखडा घेतला. दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' झाले. मुंबईच्या इराणी मंडळींनी १९६१ मध्ये म्हैसूरला ती बनवायला सुरुवात केली. एक सिलिंडर, दोन सायलेन्सर, आणि गिअरचा दांडा मागे फिरवला की तोच किक! इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचे. ते सगळे जळत नाही, उरलेले धुराबरोबर बाहेर जाते. बुलेटचा सांधा सैल झाला तर नुसता आवाज येतो, जावाचा झाला तर ओघळही दिसतो.

दादाला वाटे, मेकॅनिक नट नीट आवळत नाही. तो बिचारा सांगायचा, "साहेब, आधी मागचे बघा." पण दोष पुढे दिसतोय तर मागे कशाला बघायचे? एका रविवारी दादाने छिन्नी-हातोडा घेतला. मी गाडी धरली. नटाच्या कडा तुटल्या, आटे गेले, आणि खापर फुटले मेकॅनिकवर. त्याच्याकडे जाणे बंद झाले. मी मास्तर, पण त्या दिवशी गप्प बसलो.

त्याचे म्हणणे बरोबर होते. सायलेन्सरच्या शेपटाकडे आत बॅफल असतो. ऑईलच्या काजळीने तो बुजला की धुराला वाट मिळत नाही आणि तो पुढच्या सांध्यातून जोर करतो. नट कितीही आवळा!

पुतण्याला सांगितले ते असे. आधी दोन्ही बॅफल काढून काजळी खरवड. जुने पॅकिंग ॲस्बेस्टॉसचे असणार, ते कोरडे घासू नकोस; ओले कर, तोंडाला मास्क लाव. त्याची धूळ फुप्फुसाला घातक, तेव्हा आम्ही उघड्या हातांनी तोडायचो. नवे पॅकिंग बिनॲस्बेस्टॉसचे घाल. मागचे बोल्ट सैल ठेवून पुढचा नट आधी हाताने बसव, मग हूक पान्याने आवळ. मागचे बोल्ट शेवटी, नाहीतर नळीवर ताण राहतो आणि नट पुन्हा सैल होतो. इंजिन एकदा तापून निवले की परत एक हात फिरव.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. कारणे अनेक, पण धुराचे नियम कडक होत गेले आणि न जळलेले पेट्रोल-ऑईल बाहेर टाकणाऱ्या या इंजिनाला ते झेपणारे नव्हतेच. २०१८ मध्ये जावा नाव परत आले, तेही फोर-स्ट्रोक होऊन.

काल पुतण्याचा फोन आला. उजवा बॅफल निघाला, त्यातून मूठभर काजळी पडली. ओघळ त्या बाजूचा थांबलाय. डावा अजून अडकलेला आहे. मी म्हटले, ठोकू नकोस, रॉकेल घालून ठेव. आणि त्या मेकॅनिकचे घर कुठे होते, गावात कुणाला आठवते का, तेही विचार.