गडकऱ्यांची जमीन आणि दरबाराचा जमाखर्च

राज्य कोणाचे, हे सिंहासनावरून कळते असे आपण समजतो. पण एकोणिसाव्या शतकातील आपल्याकडील छोट्या संस्थानांचा इतिहास चाळला, तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. गादीवर महाराज असत, दरबार भरे, नगारा झडे. परंतु तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती आहे, यावरच राज्याचे खरे धनीपण ठरे. कोल्हापूर संस्थानात १८४४ साली झालेला गडकऱ्यांचा उठाव हे त्याचे बोलके उदाहरण आहे. या उठावाच्या मुळाशी वाढीव सारा नव्हता. होता तो हिशेबाच्या पद्धतीतील एक बदल.

पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. १८१२ च्या तहाने कोल्हापूरकरांनी मालवणचे बंदर व तेथील किल्ले इंग्रजांच्या स्वाधीन केले. पुढे बुवासाहेब महाराजांच्या कारकिर्दीत इंग्रजी फौज वारंवार कोल्हापुरावर चालून आली आणि १८२७-२९ च्या करारांनी दरबाराचे हात बांधले गेले. फौज चारशे स्वार व आठशे पायदळ एवढ्यावर आणावी, गडांवरील शिबंदी तेवढी वेगळी ठेवावी, अशी अट पडली. ज्या राज्याचा सारा डोलारा लष्करी चाकरीवर उभा होता, त्या राज्याला चाकरीच नको झाली. मग चाकरीपोटी दिलेल्या जमिनींचे काय करायचे? हा प्रश्न त्या दिवशी कोणी उघड विचारला नाही. पण तो तेव्हाच जन्माला आला होता.

गडकरी म्हणजे गडाचे वंशपरंपरागत रखवालदार. दरवाजे राखणे, पहारा देणे, कोठारे सांभाळणे ही त्यांची कामे. त्यांना महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळत नसे. गडाच्या पायथ्याशी व आसपास त्यांच्या निर्वाहासाठी जमिनी तोडून दिलेल्या असत आणि त्यांची व्यवस्था गडावरचेच अधिकारी पाहत. पन्हाळ्यावरील गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची प्रचंड कोठारे पाहिली, की ही अर्थव्यवस्था नाण्यापेक्षा दाण्यावर कशी चालत असे, याची कल्पना येते. बापाची चाकरी मुलाकडे येई आणि तिच्याबरोबर जमीनही येई. सरकारी वहीत तिचे उत्पन्न दिसत नसे. पण त्या वहीबाहेरच्या उत्पन्नावर शेकडो घरांच्या चुली पेटत.

बुवासाहेब महाराज १८३८ साली निवर्तले. वारस अज्ञान होता, कारभारी मंडळात दुफळी होती. या अव्यवस्थेचे कारण पुढे करून इंग्रज सरकारने दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी म्हणून नेमले. हा गृहस्थ करडा आणि शिस्तीचा होता. खर्चाला आळा घालणे, वसुली एका हाती आणणे, दप्तर नीट लावणे हे त्याचे धोरण. त्या धोरणात गडाचा वेगळा आणि ठाण्याचा वेगळा असा दुहेरी कारभार बसत नव्हता. तो मोडून गडाखालच्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आणण्याचे ठरले.

कागदावर ही सुधारणा निर्दोष दिसते. एकाच मुलखाला दोन अंमलदार कशाला, असा प्रश्न कोणीही हिशेबी माणूस विचारील. परंतु गडकऱ्याने ती वेगळ्या नजरेने पाहिली. आज जमीन मामलेदाराकडे गेली, तर उद्या चाकरी नको म्हणून ती खालसा होईल, हे त्याला दिसत होते. आणि दाद मागावी तरी कोणाकडे? महाराज अज्ञान, कारभारी परक्यांनी नेमलेला. कर लादणारा आणि गाऱ्हाणे ऐकणारा हे एकमेकांपासून इतके दूर गेले, की मधली वाटच बुजली.

१८४४ च्या पावसाळ्यात सामानगड आणि भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले. उठावाची झळ राजधानीला लागली. बाबाजी अहिरेकर याच्या पुढाकाराने खुद्द कारभाऱ्यालाच अटकेत टाकण्यात आले. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हन्स बंडवाल्यांच्या हाती सापडले आणि पन्हाळ्यावर कैदेत पडले. शेजारच्या सावंतवाडीत फोंड सावंत आणि त्यांच्या साथीदारांनी शस्त्र उचलले. पुढे त्यांतील अनेकांनी गोव्यात पोर्तुगीज हद्दीत आसरा घेतला. ऑक्टोबरात सामानगड पडला, डिसेंबरात पन्हाळा पडला. गडांची तटबंदी पाडण्यात आली. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्याच वेळी जमीनदोस्त झाला. आज तेथे केवळ अवशेष दिसतात.

यानंतरची गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत येते; पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. उठाव मोडण्यासाठी जो खर्च आला, तो कोल्हापूर दरबाराच्या खाती कर्ज म्हणून मांडण्यात आला. मोहीम इंग्रजांनी ठरवली, फौज इंग्रजांची आली, आणि देणे मात्र संस्थानाच्या माथी बसले. दरबाराला उत्पन्न मुख्यतः जमिनीचेच. म्हणजे ज्या शेतकऱ्याने ना गडाचा दरवाजा लावला ना तोफ डागली, त्याच्या साऱ्यातून हे देणे फिटायचे होते.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८४५ नंतर कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती गेला आणि दप्तराला शिस्त आली. मेजर ग्रॅहॅम यांनी सिद्ध केलेला संस्थानाचा अहवाल १८५४ साली प्रसिद्ध झाला. गावे, जमिनी, वसूल यांची तपशीलवार माहिती देणारा तो दस्तऐवज अभ्यासकांना आजही उपयोगी पडतो. जुन्या व्यवस्थेतही अन्याय आणि लाचलुचपत पुष्कळ होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण व्यवस्थित लिहिलेला जमाखर्च आणि न्याय्य जमाखर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराजांना १८६२ च्या तहाने अधिकार परत मिळाले, तेही महत्त्वाच्या प्रत्येक बाबतीत इंग्रज सरकारचा सल्ला मानण्याच्या अटीवर. गादी परत मिळाली. किल्ली पूर्णपणे मिळाली नाही.

गडकरी हरले आणि त्यांची व्यवस्था काळाच्या ओघात टिकणारीही नव्हती. तरीही त्यांनी एक प्रश्न मागे ठेवला आहे, आणि तो कोणत्याही राज्याच्या, संस्थेच्या किंवा गावाच्या ताळेबंदाला विचारता येतो: बेरीज बरोबर आहे, हे मान्य; पण या वहीत ज्यांचे नाव खर्चाच्या बाजूला लिहिले, त्यांना ती लिहिताना कोणी विचारले होते काय?