मिठातील फोड आणि काचेतील देह

हैदराबादच्या बागेआममध्ये राज्य संग्रहालयाची वास्तू उभी आहे. १९३० साली स्थापन झालेल्या ह्या संग्रहालयास सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी इजिप्तमधील एक ममी दिली. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा देह एका तरुण स्त्रीचा आहे. सहलीस आलेली मुले काचेला नाक लावून तिच्याकडे पाहतात. कोणी भितो, कोणी हसतो, आणि रांग पुढे सरकते. भीती आणि गंमत एवढीच शिदोरी घेऊन मूल घरी परतले, तर इतिहास त्याच्या पदरी पडला असे म्हणता येईल काय?

म्हणूनच सहलीपूर्वी हातांना काम द्यावे. एका परातीत वाळू पसरून मधोमध काळ्या मातीचा पट्टा घालावा आणि त्यावर मेथी पेरून पाणी सोडावे. काळ्या पट्ट्यात अंकुर डोलू लागतात, कडेची वाळू मात्र ओसाडच राहते. नाईलच्या पुराने आणलेल्या गाळावर जगणारे लोक आपल्या देशास ‘काळी भूमी’ का म्हणत, हे मग सांगावे लागत नाही. जिवंतांची वस्ती गाळाकाठी, मृतांची विश्रांती बहुधा कोरड्या वाळवंटात, हा त्या जीवनाचा नकाशाच परातीत उमटतो.

दुसरा प्रयोग सफरचंदाचा. दोन फोडी तोलून एक उघडी ठेवावी. दुसरी मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या मिश्रणात पुरती बुडवावी. आठवड्याने पुन्हा तोलावे. पावसाळी हवेत उघडी फोड बुरशी धरते. मिठातली आक्रसते, हलकी होते, परंतु टिकते. कैरीला मीठ लावून उन्हात घालणाऱ्या आजीचे शास्त्र याहून वेगळे नाही. इजिप्तमध्ये नेट्रॉन नावाचा क्षार सुकलेल्या तळ्यांतून आणीत. आतील अवयव काढून, हृदय बहुधा जागी राखून, देह सुमारे ४० दिवस त्या क्षारात ठेवीत. नंतर तेले लावून जवसाच्या धाग्याच्या कापडी पट्ट्या गुंडाळीत. सर्व विधीस सुमारे ७० दिवस लागत.

हे हातांनी अनुभवलेले मूल संग्रहालयात वेगळे प्रश्न विचारते. इजिप्तच्या कोरड्या हवेत शतकानुशतके टिकलेला हा देह दख्खनच्या दमट पावसाळ्यात कसा टिकावा? चिंता खरी होती; पट्ट्या जीर्ण होऊ लागल्या होत्या. म्हणून २०१६ साली ममी नायट्रोजन भरलेल्या, हवाबंद पेटीत ठेवण्यात आली. प्राणवायूच नसल्याने कुजविणाऱ्या अनेक जीवांस तेथे थारा मिळत नाही.

उघड्या फोडीवरील बुरशी ज्याने पाहिली आहे, त्याला ह्या पेटीचा अर्थ कळतो. शिवाय, त्या स्त्रीसाठी कोणी तरी ७० दिवस खपले होते, हेही त्याच्या ध्यानी येते. मग ते काचेपाशी उभे राहते तेव्हा हसत नाही; क्षणभर गप्प होते.