पिकांच्या बुरशीवर मातीचाच उतारा

भाताच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसू लागले की शेतकऱ्याच्या काळजात धस्स होते. १९४२ साली बंगालमध्ये हा रोग बळावला आणि पुढील वर्षीच्या भीषण दुष्काळाच्या कारणांत त्याचीही गणना झाली. अर्थात त्या अनर्थात माणसाचा वाटा काही कमी नव्हता. या रोगाचे मूळ बुरशीत असते. बुरशीवर गंधकाची भुकटी उधळावी, किंवा १८८५ पासून प्रसिद्धीस आलेले मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारावे, हेच उपाय दीर्घकाळ मुख्य मानले जात.

महाराष्ट्रात नवा उपाय निघाला तो औषधांच्या कारखान्यातून. पुण्यानजीक पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती पेनिसिलिनसाठी. परंतु तेथील संशोधक डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे बुरशीशास्त्रज्ञ. माणसासाठी औषध शोधताना त्यांची एक नजर शेताकडे वळली, यात नवल ते काय? पहिल्या पावसाचा मृद्गंध ज्यांच्यामुळे दरवळतो, त्या तंतुमय सूक्ष्मजंतूंच्या कुळावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष केंद्रित केले. त्यांतील एका जंतूपासून १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे माणसांच्या बुरशीजन्य विकारांवरील औषध लाभले. त्या जंतूचे नाव ‘पिंप्रिना’ ठेवण्यात आले. एका लहानशा गावाला शास्त्राच्या लॅटिन भाषेत असे स्थान मिळाले!

१९६४ साली ऑरिओफंजिन जाहीर झाले. हे मात्र पिकांच्या कामी आले: भातावरील करपा व तपकिरी ठिपके, द्राक्षावरील भुरी यांवर त्याचा वापर झाला. त्याची क्रिया मोठी मार्मिक आहे. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. औषध त्यालाच चिकटते, आवरणाला गळती लागते आणि बुरशी मरते. औषध निर्माण करणाऱ्या जंतूच्या अंगी ते द्रव्यच नसल्याने स्वतःच्या विषाची त्याला बाधा होत नाही.

तथापि असली द्रव्ये सूर्यप्रकाशात टिकाव धरीत नाहीत, आणि शेत तर उन्हातच असणार. पुढे जंतूचा अर्क काढण्याऐवजी जंतूच शेतात धाडण्याचा मार्ग रूढ झाला. स्युडोमोनास, बॅसिलस आदी जंतू शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून बियाण्यास चोळतात. ते मुळांभोवती वस्ती करून बुरशीचे अन्न व जागा बळकावतात. मात्र बाटलीतल्या औषधाची हुकमी खात्री येथे नाही: जमिनीत ओल व सेंद्रिय खत नसेल, तर हे पाहुणे फार दिवस तग धरीत नाहीत.