ही शिस्त आली कुठून? – अमेरिकन रस्त्यांची कुळकथा

भारतातून पहिल्यांदा आलेले पाहुणे विमानतळावरून घरी पोचेपर्यंत एक वाक्य हमखास बोलतात. "काय शिस्त आहे हो इथल्या लोकांना! हॉर्न नाही, घुसाघुशी नाही." आपणही मान डोलावतो आणि मग गप्पांची गाडी 'आपल्याकडे हे कधीच जमायचं नाही' या स्टेशनावर जाऊन थांबते. मला इतिहास वाचायची हौस आहे, म्हणून या शिस्तीचं मूळ शोधायला लागलो. लक्षात आलं ते असं, की ही शिस्त इथल्या लोकांच्या रक्तात वगैरे अजिबात नव्हती. ती कायद्याने आणि पैशाने आणली गेली, तीही हजारो माणसं मेल्यावर. आणि तिचं बिल सगळ्यांनी सारखं भरलेलं नाही.

गंमत म्हणजे इथे चांगल्या रस्त्यांची पहिली मोठी चळवळ मोटारवाल्यांनी नव्हे, सायकलवाल्यांनी केली. १८८० मध्ये 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' ही त्यांची संघटना निघाली. तेव्हा गावाबाहेरचे रस्ते म्हणजे पावसाळ्यातला आपला चिखलच. शेतमाल बाजारात नेणं मुश्किल, म्हणून १८९३ मध्ये सरकारने रस्त्यांसाठी जे कार्यालय उघडलं, ते चक्क शेतकी खात्यात!

मग मोटारी आल्या आणि एकच गोंधळ उडाला. १९०१ मध्ये कनेटिकटने राज्यभर लागू होणारा पहिला वेगाचा कायदा केला : गावात ताशी १२ मैल, गावाबाहेर १५. त्याच वर्षी न्यूयॉर्कने गाडीवर पाटी सक्तीची केली, पण तीवर नंबर नसे, मालकाच्या नावाची आद्याक्षरं असत आणि पाटी मालकानेच करून घ्यायची. १९०३ मध्ये न्यूयॉर्क शहराने विल्यम फेल्प्स इनो यांचे वाहतुकीचे नियम स्वीकारले. हे गृहस्थ स्वतः कधी मोटार चालवायला शिकले नाहीत असं सांगतात! १९१४ च्या ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडला विजेचा सिग्नल लागला. 'स्टॉप'ची पाटी १९१५ मध्ये डेट्रॉइटमध्ये आली, १९२३ मध्ये ती अष्टकोनी झाली, पण १९५४ पर्यंत होती पिवळी, कारण न विटणारा लाल रंग तोवर मिळत नव्हता. थोडक्यात, आज जे आपोआप चालल्यासारखं वाटतं त्याची घडी बसायला पन्नास वर्षं लागली.

या काळातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र आपल्याला सहसा माहीत नसते. १९२० च्या आसपास रस्ता सगळ्यांचा होता. लोक हवे तिथे ओलांडत, पोरं रस्त्यात खेळत. मोटारींखाली मुलं मरायला लागली तेव्हा लोकांचा राग मोटारींवर होता. १९२३ मध्ये सिनसिनाटीच्या सुमारे ४२ हजार लोकांनी अर्जावर सह्या केल्या, की गाडीला असं यंत्र बसवा की ती ताशी २५ मैलांपुढे जाणारच नाही. मोटारविक्रेत्यांनी जोरदार प्रचार केला आणि मतदानात तो ठराव पडला. त्यानंतर वारं फिरलं. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसने लोकांनी ठरलेल्या जागीच रस्ता ओलांडायचा असा नियम केला आणि इतर शहरांनी तो उचलला. वाटेल तिथे रस्ता ओलांडणाऱ्याला 'जेवॉकर' म्हणू लागले. यातल्या 'जे'चा अर्थ माहीत आहे? गावंढळ, शहरात नवा आलेला बावळट! म्हणजे दोन-चार वर्षांत दोष गाडीवरून चालणाऱ्याच्या डोक्यावर आला. हे चाक आता कुठे उलटं फिरतंय : कॅलिफोर्नियाने २०२३ पासून, धोका नसेल तर असं ओलांडणाऱ्याला दंड करू नये असा कायदा केला. न्यूयॉर्क शहरानेही २०२४ मध्ये हा गुन्हा काढून टाकला.

आता हायवेकडे वळू. १९२६ मध्ये देशभरच्या रस्त्यांना क्रमांक मिळाले : विषम क्रमांक उत्तर-दक्षिण, सम क्रमांक पूर्व-पश्चिम. (भारतात २०१० पासून बरोब्बर उलट आहे, म्हणून मुंबई-पुणे-बंगळूर हा जुना ४ नंबर आता ४८ झाला आहे.) १९१९ मध्ये तरुण लष्करी अधिकारी आयझेनहॉवर वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या लष्करी ताफ्याबरोबर गेले होते. त्या प्रवासाला ६२ दिवस लागले! पुढे महायुद्धात त्यांनी जर्मनीचे रस्ते पाहिले आणि अध्यक्ष झाल्यावर २९ जून १९५६ रोजी इंटरस्टेटच्या कायद्यावर सही केली. ४१ हजार मैल रस्ते, ९० टक्के खर्च केंद्राचा आणि तो पेट्रोलवरच्या करातून. विमानं उतरवता यावीत म्हणून दर पाच मैलांतला एक मैल सरळ ठेवला, ही पार्टीत हमखास ऐकू येणारी कथा मात्र खोटी आहे. कायद्यात तसं काहीही नाही.

पेट्रोलच्या करातून रस्ते ही कल्पना ऐकून पुणेकरांनी कान टवकारावेत. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, ज्यांच्या नावाच्या ग्रंथालयात आपल्यापैकी काहींनी परीक्षेच्या रात्री काढल्या असतील, त्यांच्याच अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये भारताची रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर जादा कर बसवून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला, म्हणजे आयझेनहॉवरांच्या कायद्याच्या २७ वर्षं आधी. १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंतची वीस वर्षांची योजना आखली. ती 'नागपूर योजना' म्हणूनच ओळखली जाते. तेव्हा आपल्याकडे अक्कल नव्हती असं म्हणायचं कारण नाही.

इथे मात्र पैशाबरोबर कायद्याचा लगाम आला. वाहतुकीचे कायदे राज्यांचे, पण केंद्र म्हणतं, 'आमचं ऐका, नाहीतर हायवेचे पैसे विसरा.' तेलटंचाईत १९७४ मध्ये ५५ मैलांची देशव्यापी मर्यादा अशीच आली. ती १९९५ मध्ये गेली. दारूसाठी २१ वर्षांची अट १९८४ च्या कायद्याने अशीच लागू झाली. लाल दिव्यावर उजवीकडे वळायची सवलतही देशभर पसरली ती पेट्रोल वाचवण्यासाठी.

आणि बिल कोणी भरलं? मिनेसोटात सेंट पॉलमधली राँडो ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती आय-९४ ने मधोमध चिरली, शेकडो कुटुंबांची घरं गेली. २०१५ मध्ये तिथल्या महापौरांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. मायामीतल्या ओव्हरटाऊनचं आय-९५ ने तेच केलं. उलट सॅन फ्रान्सिस्कोचे लोक सभांना गर्दी करून बसले आणि १९५९ मध्ये नगरमंडळाने सात फ्रीवे फेटाळले.

दुसरं बिल आपल्या घरातही येतं. माझे आईबाबा इथे आले की सकाळी चालायला निघतात. ग्रोसरीचं दुकान जेमतेम अर्धा मैल, पण मध्ये फुटपाथच नाही. दोघं कडेच्या गवतातून चालतात आणि शेजारून ४५ मैलांनी गाड्या जातात. लक्ष्मी रोड डोळे झाकून ओलांडणारे बाबा इथे मला फोन करून विचारतात, "नेतोस का रे जरा?" भीती उगाच नाही. २००९ मध्ये या देशात सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली गेले, २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त. भारतात त्याच वर्षी रस्त्यांवर सगळे मिळून १ लाख ६८ हजार माणसं गेली, तेव्हा आपण फुशारकी मारावी असंही नाही.

फुटपाथ वॉशिंग्टनला ठरत नाही, आपल्या गावच्या सभेत ठरतो. आमच्याकडे हा विषय दोनदा सुनावणीला आला आणि दोन्ही वेळा खर्चाच्या नावाखाली मागे पडला. गणपतीला चारशे माणसं जमवणारे आपण, त्या सभेला आपले तिघे होतो. पुढची सुनावणी मार्चमध्ये आहे. तुमच्या गावची तारीखही शोधून ठेवा, आणि आईबाबा आलेले असले तर त्यांना बरोबर घेऊन जा. चालणाऱ्यांचं म्हणणं त्यांच्याइतकं चांगलं कोण मांडणार?

शुभ दीपावली!