धम्मध्वजाच्या रंगांची नावे कुठून आली?

पंचरंगी धम्मध्वज पहिल्यांदा फडकला तो कोलंबोत, २८ एप्रिल १८८५ रोजी, वैशाख पौर्णिमेला. आपल्याकडे तो पंचशील ध्वज म्हणूनही ओळखला जातो. त्याच्या रंगांची पाली नावे अशी :

नील : निळा. ज्या झुडपापासून हा रंग काढत, त्यालाही नीळच म्हणतात. हाच शब्द अरबी, पोर्तुगीजमार्गे युरोपात गेला; 'अॅनिलीन' हे रसायनाचे नाव त्यातूनच आले.

पीत : यापासूनच मराठी 'पिवळा' झाला.

लोहित : तांबडा. पालीत रक्तालाही लोहितच म्हणतात. आपला 'लाल' मात्र फारसीतून आलेला.

ओदात : पांढरा. संस्कृत 'अवदात', म्हणजे स्वच्छ केलेला. त्रिपिटकात गृहस्थ उपासकांना 'ओदातवसन', म्हणजे पांढरी वस्त्रे नेसणारे, म्हटले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपली माणसे पांढऱ्या कपड्यांत का आली होती, हे यावरून लक्षात येईल.

मञ्जिट्ठ : मंजिष्ठा या वेलीच्या मुळांपासून कापड रंगवत, त्यावरून हे नाव. ध्वजावर हा पट्टा नारिंगी दिसतो, म्हणून कार्यक्रमांत कुणी त्याला केशरी म्हणते, कुणी सरळ भगवा.

सहावा पट्टा पाचही रंगांचा मिळून, त्याचे नाव पभस्सर, म्हणजे तेजस्वी.

मुळांपासून रंग काढणाऱ्या रंगाऱ्यांचे श्रम 'मञ्जिट्ठ' या नावात आहेत. 'भगवा' म्हटले की ते पुसले जातात आणि अर्थही दुसराच चिकटतो. म्हणून ध्वजारोहणाच्या वेळी मुलांना रंगांची पाली नावेच शिकवू या.