सर्टिफिकेट कोण देतं यापेक्षा ते कोण मागतं, हे आधी बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या बाजारपेठेत बॅनर झळकतात. सध्या त्यावर एआय आणि डेटा सायन्स आहे. याआधी ॲनिमेशन होतं, त्याआधी हार्डवेअर-नेटवर्किंग. कोर्सचं नाव बदलतं, ‘शंभर टक्के नोकरी’ मात्र कायम. पोरांची ॲडमिशन घ्यायच्या आधी हा थोडा इतिहास वाचा.

सुरुवात टायपिंगपासून करू. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ टायपिंग इन्स्टिट्यूट असायचंच. सकाळी सहापासून खटखट सुरू. परीक्षा पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची. मराठी 30, इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट. या सर्टिफिकेटला किंमत का होती? कारण लिपिक-टंकलेखकाच्या भरतीत ते मागायचे. मशीन गेलं, परीक्षा संगणकावर आली, तरी 30 आणि 40 ची अट आजही जाहिरातीत दिसते.

खासगी संगणक शिक्षणाची लाट नंतरची. 1981 मध्ये दिल्लीत एनआयआयटी, 1986 मध्ये मुंबईत ॲपटेक सुरू झाली. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक उभी राहिली, 1991 मध्ये तिथे परम 8000 हा महासंगणक तयार झाला. संगणक म्हणजे भविष्य, हे मराठी घरांत तेव्हापासून रुजलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वायटूकेची धांदल आली. जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे दोनच आकडे साठवलेले, 2000 साल उजाडलं की गोंधळ होणार, म्हणून कोबोल येणाऱ्यांना मागणी आली. ते काम मुळातच मुदतीचं. 2000 उलटलं, पाठोपाठ अमेरिकेत डॉटकॉमचा फुगा फुटला आणि कोर्स अर्ध्यात असलेली पोरं अडकली.

मग आला एमएससीआयटीचा काळ. 2001 मध्ये राज्यात एमकेसीएल स्थापन झाली आणि हा कोर्स गावोगाव पोचला. कित्येक टायपिंगवाल्यांनी मशीनशेजारी संगणक मांडले. शेतकऱ्याच्या मुलीने माउस पहिल्यांदा हातात धरला तो बहुतेक इथेच, हे श्रेय द्यायलाच हवं. पण गर्दी झाली ती सरकारी नोकरीसाठी संगणक अर्हता लागायला लागली म्हणून. 4 फेब्रुवारी 2013 च्या शासन निर्णयाचा उल्लेख भरतीच्या जाहिरातीत आजही असतो. त्यात एमएससीआयटीबरोबर सीसीसी आणि ओ लेव्हलही चालते. म्हणजे हे दार उघडायचं तिकीट आहे. आत गेल्यावर खुर्ची मिळेलच असं नाही.

आता माझ्या धंद्यातलं. मी बातमीदारीत आलो तेव्हा पानं पेजमेकरवर लागायची, मराठी श्रीलिपीत टाइप व्हायचं. डीटीपीचा तीन महिन्यांचा कोर्स केला की प्रेसमध्ये काम मिळायचं. पुढे युनिकोड आला, सॉफ्टवेअर बदललं. ज्यांना फक्त मेनू पाठ होते ते गळाले. ज्यांचं टायपिंग आणि शुद्धलेखन पक्कं होतं ते टिकले. टॅलीचंही तेच. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि आपल्या अडत्यापासून औषध दुकानदारापर्यंत सगळे टॅलीवाला शोधायला लागले. पण टॅली येणं वेगळं आणि हिशेब येणं वेगळं. जमा-नावे कळणारा पोरगा टिकला.

हे सगळं आज का सांगतोय? कारण फी आता हजारांत राहिलेली नाही. आमच्या जिल्ह्यात एक क्लास मध्येच बंद पडला. फी म्हणून काढलेलं कर्ज वडिलांच्या नावावर होतं. क्लासला कुलूप लागलं तरी फायनान्स कंपनीचे हप्ते थांबले नाहीत.

म्हणून पैसे भरण्याआधी एवढं करा. ज्या नोकरीसाठी कोर्स करताय तिच्या दोन-तीन खऱ्या जाहिराती वाचा; त्यात या सर्टिफिकेटचं नाव आहे का ते बघा. नसेल, तर कोर्सनंतर पोराला स्वतःच्या हाताने काय करून दाखवता येईल, ते विचारा. गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना फोन लावा, नंबर क्लासकडून नाही, गावातून मिळवा. कर्ज असेल तर क्लास बंद पडल्यावर काय, हे लेखी घ्या. आणि स्वस्त वाटा आधी तपासा: आयटीआयचा एक वर्षाचा कोपा ट्रेड, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम, ‘स्वयम’वरचे मोफत कोर्स.

एआय शिकू नका असं मी म्हणत नाही. जरूर शिका. फक्त बॅनर वाचून नको, जाहिरात वाचून ठरवा.

तुमच्या गावात कोणता कोर्स केल्यावर खरंच नोकरी लागली? खाली लिहा. ॲडमिशनच्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या बापाला उपयोग होईल.